बाटलीला भोक पडले तर? छातीच्या भेदक जखमांच्या तपासणीची गोष्ट

श्वसनाचा पाठ शिकवताना आपण बहुतेक सगळे एक प्रतिकृती करून दाखवतो. प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, तिचा तळ कापायचा, झाकणातून एक नळी आत सोडून नळीच्या टोकाला फुगा बांधायचा आणि कापलेल्या तळावर दुसऱ्या फुग्याचे रबर ताणून बसवायचे. रबर खाली ओढले की आतला फुगा फुगतो, सोडले की मिटतो. बाटली म्हणजे छातीचा पिंजरा, फुगा म्हणजे फुप्फुस आणि रबर म्हणजे श्वासपटल. मुलांना गंमत वाटते आणि आपल्यालाही पाठ पूर्ण झाल्याचे समाधान मिळते.

काही वर्षांपूर्वी सोलापुरात शिक्षकांच्या एका शिबिरात मी हीच प्रतिकृती दाखवत होतो. तळ कापताना बाटलीच्या बाजूला एक बारीक चीर गेली होती, ती माझ्या लक्षात आली नाही. रबर ओढले, पण फुगा हलेना. पुन्हा ओढले, तरी तेच. मी चीर शोधून तिच्यावर बोट ठेवले, तेव्हा कुठे फुगा फुगला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "सर, माणसाच्या छातीला असं भोक पडलं तर काय होतं?" शेजारचे गुरुजी म्हणाले, "काय होणार? सिव्हिलला न्यायचं!" सगळे हसले.

मी भौतिकशास्त्राचा माणूस, डॉक्टर नव्हे. त्या दिवशी दाबाचे गणित सांगून मी वेळ मारून नेली. पण बाईंचा प्रश्न डोक्यात राहिला आणि गुरुजींचे उत्तरही. सिव्हिलला नेल्यावर तिथला डॉक्टर काय पाहतो? बाहेरून बोटभर दिसणाऱ्या जखमेवरून आत काय झाले असेल हे तो कसे ठरवतो? कोणाची छाती उघडायची आणि कोणाची नाही, हे शहाणपण कुठून आले? वाचत गेलो तसे लक्षात आले, की या कथेत भौतिकशास्त्र भरपूर आहे आणि तिचे एक पान आपल्या सोलापूरचेही आहे.

वातावरणापेक्षा कमी दाब

आधी बाटलीचेच पाहू. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत. ते रबरासारखे लवचिक असते आणि मोकळे सोडले तर आकसते. ते पसरलेले राहते, कारण फुप्फुसावरणाच्या दोन पातळ पडद्यांमधल्या फटीत दाब वातावरणापेक्षा किंचित कमी असतो. संथ श्वसनात हा फरक साधारण ५ ते ८ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे अगदी थोडा, पण आपले जगणे त्यावर अवलंबून आहे. छातीला आरपार छिद्र पडले की बाहेरची हवा या फटीत शिरते, दाबातला फरक नाहीसा होतो आणि फुप्फुस मिटते.

इथे आपली प्रतिकृती थोडी अपुरी पडते. माणसाला दोन फुप्फुसे असतात आणि प्रत्येकाची पिशवी स्वतंत्र असते. म्हणून एका बाजूला छिद्र पडले तरी दुसरे फुप्फुस काम करत राहते आणि माणूस लगेच दगावत नाही. मात्र दोन पिशव्यांच्या मधली भिंत, जिच्यात हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, ती मऊ आणि हलती असते. जखम झडपेसारखी वागू लागली, म्हणजे हवा आत येते पण बाहेर जात नाही असे झाले, तर त्या बाजूचा दाब दर श्वासागणिक वाढतो. मधली भिंत दुसऱ्या बाजूला ढकलली जाते आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरा दाबल्या जातात. मग हृदयाला पुढे ढकलायला रक्तच मिळत नाही. माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, तेही फारसे रक्त न सांडता.

थोडक्यात, छातीच्या जखमेचे धोके तीन. आत हवा साठते, आत रक्त साठते किंवा हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना इजा होते. काही दिवसांनी चौथा धोका येतो, तो म्हणजे आत पू होणे.

जुन्या लोकांचे निरीक्षण

ही विभागणी आजची नाही. इजिप्तमधल्या 'एडविन स्मिथ पपायरस' या सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात छातीच्या हाडाला आरपार गेलेल्या जखमेची नोंद आहे. ग्रीसमधले हिप्पोक्रेटिसचे अनुयायी छातीत द्रव साठल्याचा संशय आला की रुग्णाला खांद्याला धरून हलवत आणि छातीला कान लावून डुचमळण्याचा आवाज ऐकत. मडक्यात पाणी किती आहे ते आपण असेच हलवून पाहतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन आहे, ते या संदर्भात वाचण्यासारखे आहे. छातीच्या मर्मांपैकी हृदयाला इजा झाली तर मृत्यू तत्काळ येतो, असे तिथे म्हटले आहे. बाकीच्या मर्मांच्या बाबतीत मृत्यू काही काळाने येतो आणि त्याची कारणे वेगवेगळी सांगितली आहेत. एकात पोकळी रक्ताने भरते, एकात वायूने भरते आणि एकात रक्ताचा पू होतो. खोकला आणि धाप ही लक्षणेही दिली आहेत. आजच्या शरीरशास्त्राशी ही मर्मे तंतोतंत जुळवायला जाऊ नये. त्यातून आपलेच समाधान होते, ज्ञानात भर पडत नाही. पण जखमी माणसांकडे बारकाईने पाहणारा कोणीतरी हे लिहीत होता, एवढे नक्की म्हणता येते.

निरीक्षण होते, पण जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याचे साधन नव्हते. त्याला अठराव्या शतकाची वाट पाहावी लागली.

पिंपावरची टिचकी

ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी एका खानावळवाल्याचा मुलगा होता, लिओपोल्ड आउएनब्रुगर. दारूच्या पिंपावर टिचकी मारून आत किती माल आहे हे ओळखण्याची पद्धत त्याने वडिलांकडे पाहिली असावी, असे सांगतात. डॉक्टर झाल्यावर त्याने बोटांनी छातीवर ठोकून आवाज ऐकायला सुरुवात केली. हवा असेल तिथे पोकळ आवाज, द्रव असेल तिथे मठ्ठ आवाज. प्रेतांच्या छातीत द्रव भरून त्याने पडताळाही घेतला आणि १७६१ साली छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कोर्विझार याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा ही पद्धत रूढ झाली. पुढे १८१६ साली फ्रान्समध्येच लाएनेकने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून आवाज ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला.

ठोकणे आणि ऐकणे या दोन क्रियांनी आत हवा आहे की रक्त, याचा अंदाज बाहेरून येऊ लागला. जखमेच्या बाजूला श्वासाचा आवाज येत नाही आणि ठोकले तर ढोलासारखा घुमतो, तर हवा. आवाज येत नाही आणि ठोकले तर मठ्ठ, तर रक्त. आजही डॉक्टर पहिल्या मिनिटाला हेच करतो.

त्याच काळात नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लॅरे याने एका सैनिकाची जखम पाहिली. छातीतून हवा आवाज करत आतबाहेर जात होती आणि सैनिक गुदमरत होता. लॅरेने जखमेवर पट्टी बांधून ती बंद केली आणि सैनिकाला लगेच आराम पडला. माझ्या बोटाने बाटलीची चीर बंद झाली, तसाच हा प्रकार. पण जखम बंद केली की आतले रक्त आतच राहते, हवाही अडकू शकते. उघडी ठेवली तर माणूस गुदमरतो, बंद केली तर आत साठते. हा पेच पुढची ७०-८० वर्षे सुटला नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात छातीत आरपार गोळी लागलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के सैनिक दगावले.

पाण्याखालची नळी

पेच सुटला तो अगदी शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशा युक्तीने. हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ याने १८७५ साली छातीतला पू काढण्यासाठी फासळ्यांमधून एक नळी बसवली आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवून ठेवले. १८९१ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली.

ही युक्ती वर्गात जरूर करून पाहा. पारदर्शक बाटलीत पाणी घ्या आणि लांब नळीचे टोक दोन सेंटिमीटर पाण्यात बुडवा. हळू फुंकले की बुडबुडे येतात. दोन सेंटिमीटर पाण्याचा दाब ओलांडला की हवा बाहेर पडते. आता फुंकण्याऐवजी हलकेच ओढा. पाणी नळीत चढते, पण बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. पाण्याची ही झडप एकाच दिशेने उघडते. छातीतली हवा आणि रक्त बाहेर येते, उलट काही जात नाही. बाटली रुग्णाच्या छातीपेक्षा बरीच खाली, जमिनीजवळ का ठेवतात, हेही मुले स्वतः शोधून काढतील. नातेवाइकांनी हौसेने बाटली उचलून खाटेवर ठेवली, तर तिच्यातले पाणी छातीत जाईल! आपल्या रुग्णालयांत 'आयसीडी टाकली' असे डॉक्टर म्हणतात, ती हीच नळी.

या साध्या युक्तीचे महत्त्व पटायला मात्र हजारो मृत्यू व्हावे लागले. १९१८ च्या एन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत असंख्य तरुणांच्या छातीत पू झाला. शल्यविशारद फासळी कापून छाती उघडी करत आणि पू वाहू देत. सरासरी ३० टक्के रुग्ण दगावत होते. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात एव्हार्ट्‌स ग्रॅहम होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने प्राण्यांवर प्रयोग करून दाबाचा हिशेब मांडला. आजार नवा असताना मधली भिंत अजून मऊ असते. अशा वेळी एका बाजूची छाती उघडली तर दुसरे फुप्फुसही नीट फुगत नाही. त्यांनी सुचवले, की घाई करू नका, छाती उघडू नका, बंद पद्धतीने पू काढा. हा सल्ला पाळल्यावर मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आले.

कमी कापून जास्त माणसे वाचतात, हे शल्यचिकित्सेने इथे पहिल्यांदा आकड्यांनिशी शिकले. छातीच्या जखमांच्या पुढच्या साऱ्या विचाराचा पाया हाच आहे.

शहरातले दोन चाकू

हृदयाला लागलेल्या जखमेचा इतिहास मात्र रणांगणावर घडला नाही. तो शहरातल्या मारामाऱ्यांतून घडला. जुलै १८९३ मध्ये शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलमध्ये छातीत चाकू लागलेला एक तरुण आला. डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स या कृष्णवर्णीय शल्यविशारदाने त्याची छाती उघडली आणि हृदयावरणाची जखम शिवली. रुग्ण वाचला. हे रुग्णालय दोनच वर्षांपूर्वी निघाले होते आणि कृष्णवर्णीय डॉक्टर व परिचारिकांना तिथे शिकण्या-शिकवण्याची संधी मिळत होती.

दुसरा प्रसंग जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. ७ सप्टेंबर १८९६ रोजी एका २२ वर्षांच्या माळीकाम करणाऱ्या तरुणाला बागेत कोणीतरी भोसकले. दोन दिवसांनी, ९ सप्टेंबरला, तो मरणाच्या दारात असताना लुडविग रेन याने छाती उघडली. धडधडत्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला दीड सेंटिमीटरची जखम होती. रेनने रेशमाचे तीन टाके घातले आणि तो तरुण जगला. विशेष म्हणजे त्याच वर्षी लंडनच्या स्टीफन पॅजेट याने छातीच्या शस्त्रक्रियेवरच्या ग्रंथात असे मत मांडले होते, की हृदयाच्या बाबतीत शस्त्रक्रिया निसर्गाने घातलेल्या मर्यादेपाशी येऊन पोहोचली आहे!

त्याआधी वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, रोंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला होता. कान जे ऐकत होते ते आता डोळ्यांना दिसू लागले. १९०४ साली झाउअरब्रुख याने छाती उघडण्यासाठी एक खोलीच बनवली. रुग्णाचे धड आणि शल्यविशारद कमी दाबाच्या खोलीत, आणि रुग्णाचे डोके बाहेर. म्हणजे फुप्फुस मिटू नये म्हणून बाहेरचाच दाब कमी केला. पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची सोपी रीत आली आणि ती खोली अडगळीत गेली. पण दाबाचा नियम दोन्हींत एकच.

१९३५ साली अमेरिकेतल्या क्लॉड बेक याने हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठल्याची खूण सांगितली. रक्तदाब उतरलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि हृदयाचे ठोके दबलेले. तिन्ही खुणा एकत्र नेहमीच दिसतात असे नाही, पण दिसल्या तर वेळ घालवून चालत नाही.

सोलापूरचे पान

आता आपल्या गावाकडे येऊ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३८ साली जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने मदत मागितली, तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी, बसू आणि वयाने २८ वर्षांचेही न झालेले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांचे जहाज मुंबईहून निघाले.

पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ भागात ज्या रुग्णालयाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये प्रमुख झाले, त्याला नाव होते डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे. हे कॅनडाचे डॉक्टर मुळात छातीचे शल्यविशारद होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्यांना स्वतःला क्षय झाला होता. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रोगी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून पोकळ सुईने छातीत मुद्दाम हवा भरून ते मिटवत. इटलीतल्या फोर्लानिनीने ही कल्पना १८८२ साली मांडली होती. १९२७ साली बेथ्यून यांच्यावर हाच उपचार झाला आणि ते बरे झाले. म्हणजे छातीत हवा शिरली तर काय होते, हे या डॉक्टरने स्वतःच्या छातीत अनुभवले होते! पुढे ते माँट्रियलला छातीच्या शस्त्रक्रिया करू लागले, फासळ्या कापायची त्यांनी बनवलेली कात्री त्यांच्याच नावाने ओळखली जाते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीतून आघाडीवर नेल्या. चीनमध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा पसरून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. तेव्हा पेनिसिलिन वापरात आले नव्हते.

बेथ्यून यांचा आग्रह होता, की जखमी डॉक्टरकडे येण्याची वाट पाहू नका, डॉक्टरने जखमीकडे जावे. कारण छाती-पोटाच्या जखमेत तास मोजावे लागतात. कोटणीसांनी ही रीत पुढे चालवली. ते चिनी भाषा शिकले, तिथल्या मुलांना त्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे हे कोटणीस आहेत. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे क्ष-किरण यंत्राचा काय उपयोग? तिथे डोळे, कान आणि बोटे यांवरच भिस्त ठेवावी लागते आणि हीच विद्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी लागते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या आजाराने कोटणीस गेले.

दुसऱ्या महायुद्धात छातीच्या जखमांतले मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. रक्त, प्रतिजैविके, भूल, पाण्याखालची नळी आणि जखमीला लवकर हलवणे, या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम होता.

'सिव्हिल' म्हणजे काय?

आपण जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला सहज 'सिव्हिल' म्हणतो. या शब्दाचा अर्थ 'लष्करी नव्हे ते', म्हणजे नागरी. इंग्रजांच्या काळी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा बरेचदा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, म्हणजे मुळात लष्करी सेवेचा अधिकारी असे. युद्ध नसेल तेव्हा त्याला नागरी कामावर दिले जाई. रणांगणावरची विद्या शहरात आली ती अशा माणसांबरोबर. कधी कधी ही सीमारेषा पुसलीही जाते. मे १९३० मध्ये सोलापूरच्या रस्त्यांवर गोळीबार झाला आणि शहरात लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा गोळ्या लागलेले लोक नागरिकच होते.

तरी लष्करी जखम आणि नागरी जखम यांत एक मोठा फरक आहे आणि तो फळ्यावर मांडता येतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ८ ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा ४९० ज्यूल. तेवढ्याच वजनाची गोळी रायफलीतून ७०० मीटर वेगाने आली तर १९६० ज्यूल. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. अशी गोळी आपल्या वाटेबाहेरचे मांसही फाडते. चाकू मात्र फक्त आपल्या वाटेवरचे कापतो. आपल्याकडे दिसतात त्या जखमा सुऱ्याच्या, विळ्या-कोयत्याच्या, बैलाच्या शिंगाच्या किंवा बांधकामावरच्या सळईच्या. म्हणून युद्धातला नियम जसाच्या तसा शहरात लावता येत नाही. चाकूच्या जखमेत हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या वाचल्या असतील, तर फुप्फुसाचा छेद बहुधा आपोआप मिटतो. कारण फुप्फुसातून वाहणाऱ्या रक्ताचा दाब कमी असतो आणि पसरलेले फुप्फुस स्वतःच जखमेवर दाब देते. भेदक जखमांपैकी साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांनाच मोठी शस्त्रक्रिया लागते. बाकीच्यांना नळी किंवा नुसती देखरेख पुरते.

प्रश्न एवढाच, की हे १५ ते ३० टक्के कोणते?

आजचा डॉक्टर काय पाहतो?

पहिली गोष्ट म्हणजे जखमेत बोट किंवा सळई घालून खोली मोजायची नाही. त्याने थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो आणि बंद असलेली वाट उघडू शकते. डॉक्टर आधी माणसाकडे पाहतो. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास किती वेगाने चालला आहे, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, मानेच्या शिरा फुगल्या आहेत का, नाडी आणि रक्तदाब किती. झडपेसारखी हवा साठत असेल तर फोटो काढण्यात वेळ घालवायचा नाही. बोटांनी आणि कानांनी ओळखायचे आणि लगेच हवा बाहेर काढायची.

मग कपडे काढून पाठ, काख, मान सगळे पाहायचे. जखम समोर एक आणि पाठीमागे दुसरी असू शकते. जागाही महत्त्वाची. दोन स्तनाग्रांच्या मधल्या चौकोनात जखम असेल तर हृदय धोक्यात आहे असे धरायचे, माणूस कितीही बरा दिसो. जखम स्तनाग्राच्या पातळीखाली असेल तर पोटाचाही विचार करायचा. श्वास सोडल्यावर श्वासपटल तिथपर्यंत वर येते आणि त्याच्याखाली यकृत व प्लीहा असतात.

त्यानंतर क्ष-किरण चित्र, शक्यतो बसवून. बसलेल्या माणसात २०० ते ३०० मिलिलिटर रक्त खाली जमून दिसते. झोपलेल्या माणसात ते पसरते आणि लिटरभर रक्तही नजरेतून सुटू शकते. १९९० च्या दशकापासून खाटेजवळच सोनोग्राफी करून हृदयाभोवती रक्त आहे का, हे काही मिनिटांत पाहता येऊ लागले. गरोदर बाईच्या तपासणीत वापरतात तेच ध्वनितरंगांचे तत्त्व.

चित्र स्वच्छ आहे आणि रुग्णाला त्रास नाही, तरी लगेच घरी सोडायचे नाही. हवा सावकाश साठू शकते. म्हणून काही तासांनी दुसरे चित्र काढतात. पूर्वी सहा तास थांबत, पुढे अनेक ठिकाणी तीन तास पुरेसे मानले गेले. हवा किंवा रक्त साठले असेल तर काखेच्या पुढे पाचव्या फासळीखाली नळी घालतात. नळीतून सुरुवातीलाच दीड लिटर रक्त आले, किंवा पुढचे काही तास दर तासाला २०० मिलिलिटर येत राहिले, तर छाती उघडायची वेळ आली असे समजतात. ब्यूलाऊची बाटली आता मोजपट्टीही झाली आहे.

हे टप्पे इतके सोपे वाटतात, पण ते क्रमाने आणि न चुकता करण्याची शिस्त अलीकडची आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नेब्रास्कात एका हाडांच्या डॉक्टरचे छोटे विमान कोसळले. त्यात त्याची पत्नी गेली आणि मुले जखमी झाली. लहान गावातल्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून तो अस्वस्थ झाला. त्याने आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी एक प्रशिक्षण तयार केले. १९८० साली तिथल्या शल्यविशारदांच्या संघटनेने ते स्वीकारले आणि आता ते जगभर शिकवले जाते. जे आधी मारते ते आधी तपासा, हा त्याचा गाभा.

आपण काय करायचे?

शाळेच्या आवारात किंवा रस्त्यावर असा प्रसंग आलाच, तर शिक्षकाकडे लोक पाहतात. म्हणून चार गोष्टी सांगतो. आत रुतलेली वस्तू उपसू नका. तीच कदाचित रक्तवाहिनीचे तोंड दाबून बसलेली असते. ती हलणार नाही असा आजूबाजूला कपड्याचा आधार द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाब द्या, पण छातीतून हवा आतबाहेर करणारी जखम प्लॅस्टिक लावून बंद करू नका. ती झडप बनू शकते. प्रथमोपचाराच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सामान्य माणसाने अशी जखम उघडीच ठेवावी, असे सांगितले आहे. शुद्धीवर असेल तर अर्धवट बसते ठेवा, पाणी पाजू नका आणि १०८ ला फोन करा.

आणि पाचवी गोष्ट कायद्याची. भोसकल्याचा प्रकार म्हणजे पोलीस केस, आधी पोलिसांत जा, असे सांगून जखमीला परत पाठवण्याची रीत पूर्वी सर्रास होती. स्कूटरवरून जाणाऱ्या एका जखमीला असेच दुसऱ्या दूरच्या रुग्णालयात पाठवले गेले आणि तो वाटेतच मरण पावला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परमानंद कटारा खटल्याच्या १९८९ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांची कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. ही गोष्ट मुलांनाही सांगावी. ज्ञान कितीही पुढे गेले, तरी दारातच अडवलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

शिबिरातल्या त्या बाईंना मी आता असे उत्तर देईन. बाटलीला मुद्दाम भोक पाडा. फुगा फुगत नाही हे मुलांना पाहू द्या. मग भोकावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून तीन कडा चिकटवा, चौथी मोकळी सोडा. रबर ओढा, तुकडा भोकाला चिकटेल आणि फुगा फुगेल. रबर सोडा, आत शिरलेली हवा मोकळ्या कडेने निघून जाईल. पूर्वी प्रथमोपचारात हीच तीन कडांची पट्टी शिकवत. आता चौथी कडही चिकटवा. भोक बंद, फुगा फुगतो, सारे ठीक वाटते. पण फुग्यालाच टाचणीने छिद्र असेल आणि हवा आतून गळत असेल, तर काय होईल?

हा प्रश्न मुलांवर सोपवा. त्यांना विचार करायला वेळ लागला तरी घाई करू नका. लॅरेच्या पट्टीपासून ब्यूलाऊच्या बाटलीपर्यंत यायला माणसांना पाऊणशे वर्षे लागली होती.